गूळ, काकवी आणि रक्तातील साखर : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या गुऱ्हाळावर ढेप घ्यायला येणारे अनेक ग्राहक विचारतात, "घरात साखर बंद केली आहे, गूळ चालेल ना?" गूळ विकणे हाच आमचा व्यवसाय असल्याने 'हो' म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. मधुमेह असलेल्या घरात आमच्या शब्दावर विसंबून गूळ जात असेल, तर पोटात गेल्यावर त्याचे काय होते हे आपल्याला सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

पांढरी साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुळातही मुख्य भाग सुक्रोजचाच असतो आणि त्याखेरीज थोडे सुटे ग्लुकोज व फ्रुक्टोज, ओलावा आणि खनिजे असतात. 10 ग्रॅम गुळात साधारण 8 ते 9 ग्रॅम साखर असते. गुळात लोह असते हे खरे, पण चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून ते अगदी थोडे मिळते, आणि त्यामुळे साखरेचा परिणाम कमी होत नाही.

सुक्रोज ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी आहे आणि ती फुटली की काय होते, हे आम्ही हंगामात डोळ्यांनी पाहतो. तोडून काही दिवस पडलेला ऊस गाळला, तर रसातील बरेचसे सुक्रोज आधीच फुटलेले असते, काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, उकळताना आणखी फुटते, आणि मग गूळ बनवणारा गुळव्या कितीही जाणता असला तरी थंड व्हायला वाफ्यात ओतलेला गूळ नीट बसत नाही, हाताला चिकटत राहतो. लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज नावाचे विकर (एन्झाइम) हेच काम कोणत्याही चुलवाणाशिवाय, म्हणजे भट्टीशिवाय, अंगाच्या उष्णतेवर, भराभर उरकते. त्यानंतर ती साखर पांढरी होती की पिवळी, याला काही अर्थ उरत नाही.

सुटे झालेले ग्लुकोज आतड्यातून लगेच रक्तात शिरते. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी केवळ 4 ते 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढेच ग्लुकोज असते. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे लक्षात घेतले की शरीराला किती तातडीने हालचाल करावी लागते याची कल्पना येईल. ही हालचाल आतड्यापासूनच सुरू होते. तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिले तर रक्तातील साखर उतरवणारे स्वादुपिंडाचे इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवते, असे 1964 साली दाखवले गेले. कारण आतड्यातील पेशी जीआयपी आणि जीएलपी-1 ही संप्रेरके सोडून स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. टाइप 2 मधुमेहात हा प्रतिसाद मंदावलेला असतो.

जीएलपी-1 जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. मात्र ते तयार करणाऱ्या पेशी आतड्याच्या खालच्या भागात जास्त असतात, आणि रसातली किंवा चहातली साखर बहुतांशी वरच्याच भागात शोषली जाते. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी सावकाश पचत खालपर्यंत जातात. फ्रुक्टोजचे वागणे आणखी वेगळे आहे : ते इन्सुलिनला फारशी चालना देत नाही, त्याचा बराचसा भाग यकृतात जातो, आणि भूक चेतवणारे घ्रेलिन त्याने ग्लुकोजइतके दबत नाही. रस पिऊन तासाभराने माणूस नेहमीइतकेच जेवतो, ते उगाच नव्हे.

तुपासोबत खाल्लेली गुळपोळी किंवा शेंगदाण्याचा लाडू यांतील स्निग्धांशामुळे जठर हळू रिकामे होते आणि रक्तातील साखर एकदम चढत नाही. तरीही पोटात गेलेली एकूण साखर तेवढीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली किंवा रसातली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी आणि 5 टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमपर्यंत ठेवता आली तर अधिक चांगले. या हिशेबात गूळ, काकवी आणि मधही धरायचे असतात. मधुमेह असेल तर प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. मधुमेहाच्या औषधामुळे रक्तातील साखर फार उतरून घाम, थरथर, घाबरल्यासारखे होऊ लागले, तर चिक्की किंवा लाडू देऊ नये, कारण वर सांगितलेला तोच स्निग्धांश तेव्हा उशीर करतो. 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. रुग्णाला ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर त्या गोळीने सुक्रोजची जोडी फोडण्याचे काम अडवलेले असते, त्यामुळे साखरेचा आणि गुळाचाही गुण वेळेवर येत नाही. अशा घरात औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडर आमच्या ढेपेशेजारी ठेवलेली असावी.