सेकंड थॉमस शोल: भांडण खडकाचं, पहारा भंगार जहाजाचा

दक्षिण चीन समुद्रातलं सेकंड थॉमस शोल म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी प्रवाळाची रिंग, राहायला जमीन नाही की प्यायला पाणी नाही, तरी चीन, तैवान, व्हिएतनाम आणि फिलिपिन्स चौघंही म्हणतात आमचंच. फिलिपिन्सच्या पलावानपासून साधारण 195 किमीवर आहे.

घोळ जुना आहे. हे शोल ज्या स्प्रॅटली बेटांत मोडतं, ती दुसऱ्या महायुद्धात जपानकडे होती, 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने हक्क सोडला पण तो कुणाला मिळणार हे कुणी लिहिलंच नाही, तिथेच मेख आहे. त्याआधी 1947 मध्ये चीनमधल्या तेव्हाच्या चँग काई शेकच्या सरकारने नकाशावर तुटक रेषा मारून जवळजवळ अख्खा समुद्र स्वतःचा करून टाकला होता, पुढे ते सरकार पळून तैवानला गेलं, चीनमध्ये आलेल्या कम्युनिस्टांनी बाकी सगळं बदललं पण रेषा ठेवली, म्हणून बीजिंग आणि तैपेईचं एवढ्या एका बाबतीत जमतं.

1992 मध्ये अमेरिकन नौदल फिलिपिन्समधला सुबिक बेचा तळ सोडून गेलं आणि 1995 मध्ये चीनने शेजारच्या मिसचीफ रीफवर खांबांवर खोपटी बांधलेली सापडली, म्हणे मच्छीमारांना आसरा. आज तिथे धावपट्टी आहे, भारीच मच्छीमार! मग 1999 मध्ये फिलिपिन्सने सिएरा माद्रे नावाचं जुनं जहाज शोलवर नेऊन रुतवलं. अमेरिकेने महायुद्धात रणगाडे उतरवायला बांधलेलं, व्हिएतनाम युद्धात वापरलेलं, पुढे दक्षिण व्हिएतनामला दिलेलं आणि सायगाव पडल्यावर फिलिपिन्सकडे आलेलं हे धूड गंजून पार चाळण झालंय, वर मूठभर सैनिक राहतात. पण ते नौदलाच्या यादीतून काढलेलं नाही, खरी चलाखी हीच, कागदोपत्री ती अजून युद्धनौका आहे आणि तिच्यावर हल्ला झाला तर अमेरिकेशी 1951 मध्ये केलेला संरक्षण करार पुढे करता येतो.

म्हणून चीन जहाजाला हात लावत नाही, रसद अडवतो. 2014 मध्ये सामान विमानातून टाकायची वेळ आली. 2016 मध्ये हेगच्या लवादाने शोल फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात (म्हणजे जिथल्या मासे-तेलावर किनाऱ्याच्या देशाचा हक्क, त्या समुद्रपट्ट्यात) येतं असं सांगितलं, चीनने निकाल धुडकावला. पुढे रसदीच्या बोटींवर पाण्याचे फवारे सुरू झाले आणि 17 जून 2024 ला तर चिनी कोस्ट गार्डवाले बोटींतून कुऱ्हाडी-सुरे घेऊन आले, त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. जुलैत रसदीपुरती तात्पुरती समजूत झाली. चीनचं म्हणणं तेच, जहाज ओढून न्या, तोवर अन्नपाणी न्या पण डागडुजीचं सामान नको. ते कोसळायची वाट बघणं त्यांना परवडतं.