एसआय जॉइंटचं दुखणं आणि फिजिओथेरपी

एसआय म्हणजे सॅक्रोइलिअॅक जॉइंट, पाठीच्या कण्याचं खालचं त्रिकोणी हाड (सॅक्रम) आणि ओटीपोटाचं हाड जिथे जुळतात तो सांधा, डावीकडे एक उजवीकडे एक. याचं दुखणं बहुतेक वेळा एकाच बाजूला, कंबरेच्या खाली कुल्ल्यावर जो खळगा असतो तिथे, कधीकधी मांडीपर्यंत उतरतं, आणि बसून उठताना, जिना चढताना किंवा अंथरुणात कूस बदलताना कळ येते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा त्रास बराच दिसतो.

'सांधा सरकलाय, बसवून देतो' असं सर्रास सांगतात ते फारसं खरं नाही. हा सांधा मुळात हलतोच जेमतेम २ ते ४ अंश, आणि १९९८ सालच्या एका एक्सरे अभ्यासात मॅनिप्युलेशनच्या (हाताने झटका देऊन सांधा 'बसवण्याच्या') आधी आणि नंतर मोजलं तर हाडांची जागा बदललेलीच नव्हती. कट्ट आवाज आला, बरं वाटलं, ते ठीक आहे, स्नायूंचा ताण तात्पुरता सैल होतो म्हणून दुखणं कमी वाटतं, पण तेवढ्यावर थांबलं तर ते परत येऊ शकतं.

तपासताना फिजिओ सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब देऊन बघतात, अशा ५ टेस्टपैकी ३ किंवा जास्तमध्ये ओळखीचं दुखणं उठलं तर संशय एसआयवर जातो. एकाच टेस्टवर काही ठरत नाही.

खरं काम व्यायामाचं. सुरुवातीला पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं (ब्रिज), कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं (क्लॅमशेल), मग हातापायांवर ओणवं होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं, म्हणजे कुल्ल्याचे आणि पोटाच्या आतल्या थरातले स्नायू तयार होतात आणि सांध्यावरचा भार वाटला जातो. फरक पडायला काही आठवडे जातात, लोक चार दिवसात सोडून देतात ही खरी अडचण. पट्टा लावायचा तर कंबरेला नाही, त्याच्या खाली खुब्याच्या हाडांच्या वर, आणि तोही उभं राहायचं किंवा चालायचं असेल तेव्हापुरता. शेक चालतो. पूर्ण बेडरेस्ट नको, दुखणं सहन होईल तितकं चालत राहायचं.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडायला लागला तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं राहत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळं होत असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा आणि एसआय सांध्यांचा सुजेचा संधिवात) असू शकतो, तो ऱ्हुमॅटोलॉजिस्टला (संधिवाताच्या डॉक्टरांना) दाखवायचा.