सिग्नल क्रेफिश: 'हवे तेवढे पकडा' हा गैरसमज

'सिग्नल क्रेफिश परदेशी, पकडाल तेवढं नदीचं भलंच,' असं इंग्लंडमध्ये सर्रास सांगतात. चूक. मूळचा उत्तर अमेरिकेतला, १९७० च्या दशकात खाण्यासाठी आणलेला हा गोड्या पाण्यातला नांग्यांवाला प्राणी टेम्सच्या खोऱ्यात मुबलक आहे. काठाच्या बिळांत, दगडांखाली सापडतो. पण सापळा लावायला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची) लेखी संमती लागते, शिवाय जागामालकाची. बरं, सापळ्यात अडकतात बहुतेक मोठेच. पिल्लांना खाणारे तेच, म्हणजे उरलेल्या पिल्लांचं फावतंच! ओल्या सापळ्यासोबत क्रेफिश प्लेग हा रोग दुसऱ्या ओढ्यात पोचला, की तिथले पांढऱ्या नांग्यांचे स्थानिक क्रेफिश संपलेच. त्यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडलेला सिग्नल दया येऊन दुसऱ्या पाण्यात सोडणं, हाही गुन्हाच.