युद्ध दिल्लीचं, मतदाराचा काय संबंध?

“लढाई दिल्ली ठरवते, जवान लढतात, आपला त्यात काय हात?” सातारा-कराडकडे पारावर हे हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने तरणी पोरं धाडली, तेव्हा ते पूर्ण खरं होतं. निर्णय लंडनचा, आणि त्या सरकारला निवडायला गावाकडे मतच नव्हतं. 1962 पर्यंत मात्र देशात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. चीनशी युद्ध चालू असतानाच 8 नोव्हेंबरपासून लोकसभेत खुली चर्चा झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याआधीच जावं लागलं होतं, तेही स्वपक्षाच्या खासदारांच्या दबावामुळे! त्यांच्या जागी आले आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण.

युद्धाआधी संसदेची परवानगी घ्यावी असं राज्यघटनेत कुठे नाही, हे मान्य. पण अनुच्छेद 75 नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, संरक्षणाचा पैसाही तिच्याच मंजुरीने मिळतो. आणि ती लोकसभा आपण निवडतो.

मात्र जबाबदारी म्हणजे अपराध नव्हे. “त्यांनीच सरकार निवडलं, आता भोगू देत,” असं दुसऱ्या देशातल्या साध्या माणसांबद्दल कुणी म्हणालं की मला चीड येते. युद्धात सामान्य नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने सामूहिक शिक्षेला, म्हणजे स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी सगळ्यांनाच शिक्षा देण्याला, साफ मनाई केली आहे. आपल्या वाट्याचं काम वेगळं आहे: खासदार गावात आले की रस्त्या-पाण्याबरोबर हेही विचारायचं, की सैन्याच्या प्रश्नावर तुम्ही सभागृहात काय बोललात?