वितळलेली लवणं, खोलीच्या तापमानाची (लिथियम बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट)

भट्टीशिवाय, साध्या हवेतच पातळ राहणारं आणि पाणी किंवा दुसरा सॉल्व्हंट न घातलेलं लवण. आयनिक लिक्विड असंही म्हणतात. बॅटरीत ते इलेक्ट्रोलाइट म्हणून, म्हणजे दोन ध्रुवांमध्ये आयन (विद्युतभार असलेले कण) नेणारा द्रव म्हणून, वापरून पाहतात. वितळलेलं म्हटलं की कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीतला लालभडक रस आठवतो, खायचं मीठसुद्धा ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, पण इथे धनायन (धन भाराचा आयन) मोठा नि वेडावाकडा, ऋणायनावरचा (ऋण भाराच्या आयनावरचा) भार पसरलेला, म्हणून दोघांची स्फटिकात घट्ट बैठकच जमत नाही आणि वितळबिंदू खाली येतो.

पहिलं आयनिक लिक्विड कोणतं यावर एकमत नाही. काहीजण १९ व्या शतकातल्या फ्रीडेल-क्राफ्ट्स या सेंद्रिय रसायनांच्या अभिक्रियेत दिसणाऱ्या 'लाल तेला'पर्यंत मागे जातात, पण ते लवण आहे हे फार उशिरा कळलं. गॅब्रिएल आणि वायनर यांचं १८८८ चं इथेनॉल-अमोनियम नायट्रेट ५२ ते ५५ अंशांना वितळतं, म्हणजे १०० अंशांखाली वितळतं ते सगळं आयनिक लिक्विड ही व्याख्या धरली तर ते बसतं, पण आपल्याकडे ऐन मे महिन्यातही ते घट्टच राहणार. त्यामुळे पॉल वाल्डेन यांचं १९१४ चं इथाइल-अमोनियम नायट्रेट (१२ अंश) पहिलं धरणं जास्त बरोबर वाटतं. बॅटरीला मात्र ते चालत नाही, त्यातला प्रोटॉन लिथियमशी भिडतो.

१९५१ साली हर्ली आणि वियर यांनी ॲल्युमिनियम क्लोराइडच्या मिश्रणातून ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्यांना यातलं मोल लगेच कळेल, कारण पाण्याच्या बाथमधून ॲल्युमिनियम चढतच नाही, आधी हायड्रोजन सुटतो. ही मिश्रणं दमट हवेत टिकत नव्हती. टिकणारी १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी दाखवली.

नेहमीच्या लिथियम बॅटरीतल्या कार्बोनेट (सेंद्रिय सॉल्व्हंटच्या) इलेक्ट्रोलाइटची वाफ पेट घेते, या लवणांची वाफ जवळजवळ होतच नाही, मोठा फायदा हाच. यांतल्या धनायनांपैकी इमिडॅझोलियम लिथियमपाशी मोडतो, पायरोलिडिनियम बराच तग धरतो.

अडचण घट्टपणाची. बाटली तिरकी केली तर द्रव गोडेतेलासारखा सावकाश सरकतो, लिथियमचं लवण घातलं की आणखी जड होतो, आणि गुऱ्हाळावरची गरम काकवी पळीवरून धारेने पडते पण गार झाली की पळीला धरून बसते तसं थंडीत याचंही होतं, मग लिथियम आयन हळू चालतो आणि सेलमधले दोन ध्रुव वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पातळ सेपरेटरसुद्धा नीट भिजत नाही.