आंतरव्यावसायिक शिक्षण (आरोग्यसेवा)

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार अशा आरोग्यसेवेतील दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी किंवा कर्मचारी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, त्या शिक्षणपद्धतीला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. पुढे रुग्णापाशी एकत्र काम करताना हे शिक्षण उपयोगी पडावे आणि रुग्णाचे भले व्हावे, हा त्याचा हेतू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या कृती-आराखड्यात याच आशयाची व्याख्या दिली आहे. तिच्यातील ‘विषयी’ आणि ‘सोबत’ तुलनेने सोपे आहेत. खरी कसोटी ‘कडून’ या शब्दाची आहे. परिचारिकेकडून डॉक्टरने शिकायचे, हे मान्य झाल्याशिवाय बाकीची सगळी रचना कागदावरच राहते.

शरीररचनाशास्त्राच्या एकाच व्याख्यानाला दंतवैद्यक आणि भौतिकोपचाराचे विद्यार्थी शेजारी बसले, तर त्याला बहुव्यावसायिक शिक्षण म्हणता येईल. आंतरव्यावसायिक म्हणता येणार नाही. त्यासाठी समोर एखादा प्रश्न हवा आणि तो एकट्याने सुटण्यासारखा नसावा. खुब्याचे हाड मोडून दाखल झालेल्या आजींचेच उदाहरण घ्या. शल्यचिकित्सकाचे लक्ष हाडावर असते. झोपून झोपून पाठीला जखम होईल, ही काळजी परिचारिकेला. त्यांना लवकरात लवकर उभे करायचे, हा भौतिकोपचारतज्ज्ञाचा आग्रह. रक्त पातळ करणारे औषध त्यांच्या थकलेल्या मूत्रपिंडांना झेपेल का, हे औषधनिर्माता बघतो. आणि घरी जिने किती, रात्री सोबतीला कोण, हे समाजसेवा अधीक्षक विचारतो. प्रत्येकाला जे दिसते ते खरे असते आणि अपुरेही असते. इतरांना काय दिसते ते विचारून घेण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागावी, एवढाच या शिक्षणाचा दावा आहे.

हा दावा का महत्त्वाचा, हे २००५ साली इंग्लंडमध्ये घडलेल्या एका घटनेवरून कळते. नाकाजवळील पोकळीच्या साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी एका महिलेला भूल देण्यात आली आणि तिचा श्वासमार्ग बंद झाला. तीन अनुभवी तज्ज्ञ डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. दरम्यान एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले आणि तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण आपण उगाच घाई करतो आहोत असे तिला जाणवून देण्यात आले आणि तिने ती रद्द केली. १३ दिवसांनी ती महिला गेली. खोलीत ज्ञान होते, साधने होती, काय करायला हवे हे ओळखणारी माणसेही होती. त्यांचा आवाज मात्र पोचला नाही. तिचा पती विमानचालक होता. दोषी कोण हे शोधण्यापेक्षा असे का घडते ते समजून घ्या, असा आग्रह त्याने धरला, आणि मानवी घटकांचा, म्हणजे दडपणाखाली माणसे कशी वागतात, बोलतात आणि चुकतात याचा, अभ्यास ब्रिटनच्या आरोग्यसेवेत रुजवण्यासाठी २००७ मध्ये एक गट उभा केला.

तो विमानचालक होता, याला अर्थ आहे. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ जण मेले. त्यानंतर वरिष्ठ वैमानिकाला कनिष्ठाने टोकलेच पाहिजे आणि वरिष्ठाने ते ऐकलेच पाहिजे, याचे रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांनी सुरू केले. रुग्णालयांनी त्यातून बरेच घेतले. फोनवर रुग्णाची माहिती देण्याची एक पद्धत तर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस हे तिचे चार टप्पे. “सर, सात नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये” असे मध्यरात्री कळवले, तर “सकाळी बघू” हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी “सर, सात नंबरच्या पेशंटचं बीपी ८० वर आलंय, नाडी १३० आहे. दुपारी सिझेरियन झालंय. आतून रक्तस्राव होतोय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता यायला हवं.” या शेवटच्या वाक्यासाठीच ही सगळी पद्धत आहे. आपल्याकडच्या वॉर्डात हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते, आणि ते एका माणसाच्या धैर्यावर सोडणे चूक आहे. म्हणून ते दोन्ही बाजूंना एकत्र शिकवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादी (२००८) याच विचारातली. तिच्या मांडणीचे नेतृत्व अतुल गवांदे या अमेरिकी शल्यचिकित्सकाने केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले. त्वचेला छेद देण्याआधी शस्त्रक्रियागृहातल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, असे या यादीत आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडल्यावर बोलतो, असा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मात्र शंभरावर रुग्णालयांना यादी लागू केल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही (२०१४). संवाद न शिकवता नुसत्या खुणा करून घेतल्या तर काय होते, याचा हा पुरावा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते पटण्यासारखे आहे.

शिक्षणाच्या अंगाने हा विचार जुना आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९७२ मध्येच ‘आरोग्य-चमूचे शिक्षण’ या विषयावर परिषद घेतली होती. ब्रिटनमध्ये १९८७ साली या कामासाठी ‘केप’ ही संस्था निघाली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा पहिला मोठा अहवाल आला. प्रत्यक्षात करून दाखवले ते स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने. तिथे १९८६ पासून डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ होऊ घातलेली मुले-मुली पहिले काही आठवडे एकत्र शिकू लागली. १९९६ मध्ये तिथे अस्थिरोग विभागात विद्यार्थ्यांनी चालवायचा वॉर्ड सुरू झाला. शिक्षकांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांचा चमू खऱ्या रुग्णांची जबाबदारी घेतो. अंग पुसणे, अंथरूण बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे ही कामे भावी डॉक्टरलाही चुकत नाहीत.

महाराष्ट्रात ‘आंतरव्यावसायिक’ हा शब्दही कोणी ऐकला नव्हता, तेव्हा जामखेडला हे घडत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात काम सुरू केले. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा पहिला प्रयत्न जमला नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला येत; नवे काही शिकत आणि आपल्या गावात काय चालले आहे ते सांगत. कोणाच्या घरात बाळंतिणीला काय खाऊ घालतात, लस का नाकारतात, कोणती विहीर कोणाला बंद आहे, हे डॉक्टरांना त्यांच्याकडूनच कळे. ‘कडून’ या शब्दाचा इतका भरीव अर्थ फार थोड्या विद्यापीठांत सापडेल. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर उभ्या राहिलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पना अशा प्रयोगांशी नाते सांगते.

भारतातील औपचारिक शिक्षण मात्र वेगवेगळ्या वाफ्यांत वाढले. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण यांच्या नियामक संस्था वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा वेगळ्या. २०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पदवीधर डॉक्टरच्या पाच भूमिकांमध्ये ‘आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य’ ही एक आहे, आणि वृत्ती, नीती व संवाद शिकवणाऱ्या ‘एटकॉम’ या भागात चमूत काम करण्यावर स्वतंत्र धडा आहे. पण तो बहुतेक ठिकाणी फक्त एमबीबीएसच्या मुलांनाच एकत्र बसवून शिकवला जातो, आणि मग त्यातला जीवच जातो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) छताखाली आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार एकत्र आहेत. ही मोठीच सोय आहे; औषधनिर्माणशास्त्र तेवढे इतर विद्यापीठांकडे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञांपासून आहारतज्ज्ञांपर्यंत ५६ व्यवसायांना ओळख दिली, त्यामुळे चमूत कोण कोण येते हे निदान कायद्यात नोंदले गेले.

वेळापत्रके जुळत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे. त्याहून खोल अडथळा आपल्या संबोधनांत आहे. सरकारी रुग्णालयात डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, सफाई आणि मदतनीस कर्मचारी ‘मावशी’ आणि ‘मामा’. या हाकांत माया आहे, त्यांच्यामुळे रात्रपाळ्या सुसह्य होतात. पण मावशींना पेशंटची लघवी लाल दिसली, तर ती केसपेपरवर येईपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात, हेही त्याच हाकांवरून कळते.

परिणामांचा पुरावा आशादायक असला तरी पक्का नाही. एखाद्या विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात कठोर निकषांवर टिकणारे फक्त १५ अभ्यास सापडले. सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, चारांत काहीच नाही. मधुमेहींची देखभाल, तातडीच्या विभागातील चुका, शस्त्रक्रियागृहातील वर्तन, घरगुती हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांची काळजी अशा ठिकाणी सुधारणा नोंदली गेली. यांतले बहुतेक प्रयोग आधीच नोकरीत असलेल्या चमूंवर झाले होते. विद्यार्थिदशेतल्या शिक्षणाचा रुग्णांना पुढे किती उपयोग होतो, याची मोजणी त्यामानाने फार थोडी झाली आहे.