एकटे सुपरहिरो १९८६ च्या आधीचेच

‘सुपरहिरो कॉमिक्समध्ये एकटेपणा आणि निवृत्तीनंतरचं रिकामपण आलं ते १९८६ मध्ये, निवृत्त सुपरहिरोंच्या ‘वॉचमेन’ आणि म्हाताऱ्या बॅटमॅनच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिक्समुळे; त्याआधी सगळी नुसती हाणामारी.’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटू लागतं. पण नाही.

मार्च १९६४ चा अ‍ॅव्हेंजर्सचा चौथा अंक काढा. दुसऱ्या महायुद्धात गोठून आता बर्फातून बाहेर आलेल्या कॅप्टन अमेरिकाची दोन दशकं हातून निसटलेली. समोरच्या रिक जोन्स या पोरामध्ये त्याला आपला मेलेला साथीदार बकी दिसतो. युद्ध संपलं, जग पुढे गेलं, हा मात्र तिथेच. १९७४ मध्ये तर त्याने वैतागून ढाल आणि नावही सोडलं.

स्पायडरमॅनचा ५० वा अंक १९६७ चा. जॉन रोमिटांनी काढलेलं ते पान: पाऊस, कचऱ्याच्या डब्यात लोंबणारा पोशाख आणि स्पायडरमॅन होणं सोडून पाठमोरा चालत जाणारा पीटर. (तो परत येतो, हे आलंच. मासिक विकायचं होतं ना!)

१९८६ ने वेगळं केलं ते एवढंच, की शेवट गोड करायची सक्ती उडवली.